त्रेपन्न नंबरची पाटी

आमच्या भागातला पाट्या रंगवणारा पेंटर हल्ली मला लांबून ओळखतो आणि सायकल वळवून दुसऱ्या रस्त्याने निघून जातो. त्याचा काही दोष नाही. एका माणसाने एकाच फाटकावर एकाच घराचा नंबर पुन्हा पुन्हा रंगवून घेतला, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा सांगितला, तर कोणताही पेंटर बिचकेल. त्यातला प्रत्येक नंबर बरोबर होता, हे मी त्याला पोटतिडकीने सांगून पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. वेड्याशी वाद घालू नये असं वाटलं की लोक ज्या पद्धतीने मान हलवतात, तशी.

आमच्या घराचा नंबर त्रेपन्न. गल्लीत साठ घरं, सगळी एका ओळीत, आणि समोर कारखान्याची लांबलचक भिंत. घरं बांधणाऱ्याने नकाशा एकच काढला आणि तो साठ वेळा वापरला. तेच हिरवं फाटक, त्याच दोन पायऱ्या, तीच डाव्या हाताची खिडकी. फाटकाचा रंग बदलायचा नाही असा वसाहतीचा नियम आहे, त्यामुळे कोणतं घर कोणाचं हे फक्त नंबरावरून कळतं. पाहुणे चुकतातच, पण मी स्वतः एकदा तंद्रीत चोपन्न नंबरात शिरून त्यांचा पेपर अर्धा वाचून काढला होता.

बाबा आयुष्यभर गणिताचे मास्तर. पाठीमागे मुलं त्यांना 'बारा मास्तर' म्हणायची. कारण बाबांचं ठाम मत होतं की माणसाने दहा-दहाचे गट करून मोजायला सुरुवात केली हा निव्वळ बोटांचा अपघात आहे. दहा वस्तू तिघांत वाटता येत नाहीत, चौघांत वाटता येत नाहीत, लगेच भांडणं. बाराचं तसं नाही. दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत वाटा, सहा जणांत वाटा, कोणी रडत नाही. गट ज्या आकड्याचे करायचे त्याला म्हणायचं पाया. जगाचा पाया दहाचा, पण आमच्या घराचा बाराचा. चार बारा आणि वर पाच, म्हणजे तुमचेआमचे त्रेपन्न, हे बाबा ४५ असं लिहीत. दहा आणि अकरा या दोन आकड्यांसाठी त्यांनी स्वतःची चिन्हंही बनवली होती. एक छत्रीसारखं दिसे, दुसरं भिंतीतल्या खुंटीसारखं. बाहेर दहा आणि घरात बारा अशी त्यांनी वाटणी केली होती आणि तिचा कधी कोणाला त्रास झाला नाही.

माझा मात्र गणिताशी पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलून गेलो, तर म्हणाले, "बाराच्या पायात छत्तीस म्हणजे तीन आणि शून्य. भांडण उरतंच कुठे?" अशा माणसाच्या मुलाला वजनमापे कार्यालयात नोकरी लागली, हा माझ्या दृष्टीने नशिबाने केलेला टोमणा आहे. दुकानदारांच्या तराजूंवर मी शिक्के मारतो. खरं काय आणि खोटं काय हे ठरवण्याचा मला सरकारने अधिकार दिलेला आहे.

तर एका संध्याकाळी बाबा फिरून परत आले नाहीत. शोधत गेलो तर पंचेचाळीस नंबरात सापडले. तिथे एक निवृत्त मेट्रनबाई एकट्या राहतात. बाबा त्यांच्या आरामखुर्चीत रेलून बसले होते आणि, "सूनबाई, माझा चष्मा उचललास का?" असं त्यांना विचारत होते. चष्मा नाकावरच होता. मेट्रनबाईंनी त्यांना चहा दिला होता आणि सवयीने नाडीही पाहून ठेवली होती.

"नाडी उत्तम आहे," त्या मला दारात हळूच म्हणाल्या, "पण डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

बाबांना घरी आणलं तर ते फाटकात अडून उभे राहिले. पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे आपलं घर नव्हे. पाच बारा आणि तीन, त्रेसष्ट होतात. आपलं घर ४५." आणि पुन्हा मेट्रनबाईंकडे निघाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरचा दहा त्यांच्या हातून सुटला होता. घरातला बारा तेवढा राहिला होता.

डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे होते. "हे वाढत जाणार. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. त्यांना कोंडून ठेवू नका, रोज फिरू द्या. जोवर स्वतःच्या पायांनी घरी येताहेत, तोवर ते तुमच्यात आहेत असं समजा." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बसस्टॉपवर मी बाबांचा हात धरून उभा होतो आणि मला फार भीती वाटत होती. बाबा मात्र येणाऱ्या बसचे नंबर बारात वाचण्यात रमले होते. त्या नादात आमच्या दोन बस गेल्या.

आता आमची गल्ली ही सल्ल्यांची मोठी बाजारपेठ आहे. बावन्न नंबरचे शेजारी तर थांबतच नाहीत. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते सल्ला देण्याच्याच कामावर आहेत. गल्लीत त्यांना 'सल्लागार' म्हणतात आणि ते त्यांना आवडतं. त्यांनी सांगितलं, "काकांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवा." ठेवली. बाबांनी ती बाहेर काढून मला परत दिली. "मी पार्सल आहे का?" त्यांनी एवढंच विचारलं, पण माझी मान खाली गेली. मग सल्लागार म्हणाले, "गुपचूप मागून चाला." चाललो. बाबा परीक्षेच्या हॉलमध्ये अचानक मागे वळायचे तसे वळले आणि भर रस्त्यात ओरडले, "काय रे, कॉपी करतोस?" वजनमापे निरीक्षकाला भाजीवाल्यांसमोर हे ऐकावं लागलं. त्यातल्या निम्म्यांच्या तराजूंवर माझे शिक्के होते.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, बाबांना आपला नंबर कळत नसेल, तर बाबांचा नंबर आपण लावू या की फाटकावर."

हे आमच्याच घरात सुचू शकतं. दुसऱ्या कोणी रखवालदार ठेवला असता. आम्ही पेंटर बोलावला. त्याने हिरव्या फाटकावर पांढऱ्या रंगात सुरेख ४५ काढला आणि विचारलं, "साहेब, घर बदललं का?" मी म्हटलं, "घर तेच आहे, आकडाही तोच आहे." त्याने पहिल्यांदा मान हलवली ती तेव्हा.

त्या संध्याकाळी बाबा फिरून आले, पाटी वाचली, फाटक उघडलं आणि आत येऊन म्हणाले, "चहा टाक गं, सूनबाई." बायको ओट्याशी उभी राहून रडली आणि मी तिला हसलो. मग मीही न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आलो.

घोळ दुसऱ्या दिवशी सुरू झाला. गल्लीत आता दोन पंचेचाळीस झाले होते. पोस्टमन गोंधळला. मेट्रनबाईंचा गॅस आमच्याकडे उतरला, आमची चुलतसासू पिशवीसकट त्यांच्याकडे उतरली आणि जेवूनच परत आली. मेट्रनबाई घरच्या घरी लोकांना इंजेक्शनं देतात, हे मला माहीत नव्हतं. एक गृहस्थ सरळ आमच्या बैठकीत आले, बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटून बसले. "हळू द्या हं," म्हणाले. मी कोण आहे हे सांगितल्यावर ते माझ्यावरच चिडले.

कोणीतरी तक्रार केली. मला सल्लागारांचा संशय आहे, पण पुरावा नाही. नगरपालिकेच्या घरक्रमांक विभागाची नोटीस आली आणि तिची प्रत, का कोण जाणे, माझ्या कार्यालयातही गेली. साहेबांनी बोलावलं.

"तुमच्या घरावर खोटा आकडा आहे म्हणे?"

"साहेब, आकडा खरा आहे. पाया वेगळा आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या एखादा दुकानदार तुम्हाला हेच सांगेल. म्हणेल, किलो खरा आहे, पाया वेगळा आहे. काय कराल?"

असा दुकानदार भेटला तर मी त्याचं दुकान बंद करीन, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही. त्या दिवशी दुपारी प्रत्येक तराजू मी शिक्का मारण्याआधी दोनदा तपासला.

नगरपालिकेत मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'वडिलांचा पाया बारा' असं लिहिलं. खिडकीमागच्या कारकुनाने ते दोनदा वाचलं, मग शेजारच्याला वाचायला दिलं, मग दोघांनी मिळून मला वाचलं. "असा रकाना आमच्याकडे नाही," ते म्हणाले, "निरीक्षक येऊन बघतील." निरीक्षक येईपर्यंत पाटी राहू दे असं मी ठरवलं. पण निरीक्षकाच्या आधीच पाटी जुनी झाली.

एका सकाळी बाबा टेबलाशी कागद घेऊन बसले होते आणि अस्वस्थ होते. मला म्हणाले, "अरे, छत्री आणि खुंटी सापडत नाहीत. आज नऊपण सापडत नाही. आणि त्याच्या आधीचा तो, तोही." भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला ९ मी त्यांना दाखवला. त्यांनी तो खूप वेळ पाहिला. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की आपण कसं पाहतो, तसं पाहिलं.

मग ते उठले, गच्चीवरून कपड्यांच्या चिमट्यांचा डबा घेऊन आले आणि टेबलावर उपडा केला. "बस," म्हणाले. त्या दिवशी मी बाबांकडून पहिल्यांदा गणित शिकलो. त्यांनी त्रेपन्न चिमटे मोजून घेतले आणि माझ्याकडून आठ-आठचे ढीग करून घेतले. सहा ढीग झाले, पाच चिमटे उरले. "लिही. सहा, पाच. आठाच्या पायात आपलं घर ६५. यात आठ लागत नाही, नऊ लागत नाही. शून्यापासून सातपर्यंत आकडे पुरतात."

"म्हणजे बाबा, आकडे हरवले तरी..."

"चिन्हं हरवतात रे. चिमटे तेवढेच आहेत ना? जेवढी चिन्हं उरतील तेवढ्यांत राहायचं. फक्त कमी चिन्हांत लिहिलं की आकडा लांबत जातो, त्याला इलाज नाही."

ते सगळं समजून करत होते. घर आवरून लहान जागेत राहायला जाणाऱ्या माणसासारखे ते बाराच्या पायातून आठाच्या पायात निघाले होते, आणि सामान हलवायला मला हाताशी घेतलं होतं. इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते मला आत्ता कळत होतं, आणि शिकवणारा माणूस रोज थोडा थोडा जात होता. मला आनंदही झाला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम झालं की चेहरा कसा करावा हे मला अजून समजलेलं नाही.

पाटी बदलेपर्यंत मी बाबांना थांबवायला हवं होतं. पेंटर दुसऱ्या दिवशी येणार होता आणि बाबा त्याच संध्याकाळी ६५ शोधत निघाले. आमची गल्ली साठला संपते. पुढे मोठा रस्ता, त्यावर बस, ट्रक आणि हॉर्न. बाबा तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजारात गेले. तिथे पासष्ट नंबरात मोटार शिकवण्याची शाळा आहे. मी धापा टाकत पोचलो तेव्हा बाबा गाडीत चालकाच्या जागेवर बसले होते आणि शेजारी शिकवणारा बसला होता.

"आजोबा म्हणाले मला घरी जायचंय," शिकवणारा सांगू लागला. "मी म्हटलं, आधी क्लच दाबा."

बाबांनी क्लच दाबलेला होता. त्यांना उतरवायला फार वेळ लागला, कारण त्यांना ते जमू लागलं होतं. तो रस्ता त्यांनी एकट्याने कसा ओलांडला असेल हे मला अजूनही कळलेलं नाही.

६५ची पाटी लागली आणि पुन्हा काही काळ शांतता झाली. गल्लीत दुसरा पासष्ट नव्हता, त्यामुळे मेट्रनबाईंची इंजेक्शनं त्यांच्याकडे परत गेली. पण बाबांनी आता मला धड्याची सवय लावली होती. मी ऑफिसातून आलो की चिमटे बाहेर निघत. एकदा म्हणाले, "आपला त्रेपन्न फार हट्टी आहे. कुठल्याही पायात लिही. उलटा वाचलास तर तोच आकडा येत नाही." मी म्हटलं, बावन्नच्या पायात तर एक-एक होतो. "ते धरायचं नाही. आकड्यापेक्षा एकाने लहान पाया घेतला की कोणताही आकडा अकरासारखा दिसतो, त्यात काय कर्तृत्व?" मी दोनपासून सगळे पाये लावून पाहिले. रविवार गेला, कपडे वाळत घालायला चिमटे नाहीत म्हणून बायको ओरडली, पण बाबांचं खरं निघालं. आमच्या घराचा नंबर जाताना एक आणि येताना वेगळाच.

याउलट शेजारचा बावन्न. बारात ४४, पाचात २०२, तिनात १२२१. कुठूनही वाचा, तोच. हे मी सहज सल्लागारांना सांगितलं आणि पस्तावलो. त्यांनी ते गल्लीभर सांगितलं आणि वर मला उपदेश केला, "बघा, घर घेताना नंबर बघून घ्यावा. आमचा जाताना-येताना सारखा आहे. काका आमच्याकडे असते तर चुकले नसते." त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी बाबा मात्र त्यांच्या फाटकाशी थांबून मायेने म्हणाले, "गरीब आकडा आहे हो तुमचा." सल्लागार खूश झाले.

मग पाच, सहा आणि सात गेले. तिन्ही एकाच आठवड्यात. बाबांनी पाच-पाचचे ढीग करायला सांगितले आणि पाटीवर २०३ आला. पेंटर म्हणाला, "साहेब, मी आकडे खडूने लिहून देतो, तुमचं ठरलं की कळवा." मी त्याला बळेच रंगवायला लावलं. नेमका तेव्हा नगरपालिकेचा निरीक्षक उगवला. फाटकावर २०३ पाहून तो दोन पावलं मागे सरकला आणि मान वर करून आमच्या छपराकडे बघू लागला.

"दुसरा मजला कुठे आहे?"

"दुसरा मजला नाही."

"मग दोनशे तीन कशाचा? दुसरा मजला, तीन नंबरचा फ्लॅट. परवानगी कोणाची घेतलीत?"

मी चिमट्यांचा डबा आणून त्याला पंचविसाचे दोन गट आणि सुटे तीन करून दाखवले. मधलं शून्य म्हणजे पाचाचा सुटा गट एकही नाही, हेही समजावलं. तो शांतपणे ऐकून घेऊन जिन्याखाली बघून आला, न्हाणीघर बघून आला आणि गच्चीवर टाकीच्या मागे कोणी राहतंय का तेही बघून आला. जाताना 'दुसरा मजला आढळला नाही, पुन्हा तपासणी आवश्यक' असा शेरा मारून गेला. न बांधलेल्या मजल्याबद्दल आम्हाला नंतर दोन स्मरणपत्रं आली.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. तीनच्या पायात १२२२ झालं. तेही फार टिकलं नाही. दोनच्या पायात ११०१०१ झालं तेव्हा आकडा फाटकात मावेना, शेवटचा एक खांबावर काढावा लागला. येणारेजाणारे तो टेलिफोन नंबर समजले. बाबांचं बोलणंही आता उरलेल्या थोड्या शब्दांत होत होतं आणि त्यामुळे लांबत होतं. 'खिडकी लाव' म्हणायला त्यांना 'वारं येतंय, ते, तिथून, ते बंद' इतकं बोलावं लागे. पण संध्याकाळी पाटीशी उभे राहिले की चेहरा उजळायचा. मला म्हणाले, "दोनच उरलेत. एक म्हणजे आहे. शून्य म्हणजे नाही. दोनांत सगळं लिहिता येतं. काळजी करू नकोस."

मी काळजी करत नव्हतो असं नाही. पण त्यांनी सांगितल्यावर मला धीर आला, इतका मी अजून त्यांचा मुलगा होतो.

त्यानंतर शून्य गेलं. एका सकाळी त्यांनी टेबलावर चार कप मांडले. बाबांचा, माझा, बायकोचा आणि चौथा आईचा. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. "ती नाहीये बाबा," मी म्हणालो. 'नाही' म्हणजे काय हेच त्यांना कळत नव्हतं. बायकोने चौथ्या कपात चहा ओतला. मी ऑफिसला उशिरा गेलो आणि उशिराचं कारण विचारलं तर बस चुकली असं सांगितलं.

एकच चिन्ह उरलं की ते जितके असतील तितक्या वेळा काढायचं, दुसरा मार्ग नाही. पेंटरला मी बोलावलं ते हात जोडूनच. बावन्न नंबरच्या कुंपणापासून आमच्या फाटकापर्यंतच्या भिंतीवर त्रेपन्न उभ्या रेघा मारायच्या, असं सांगितलं. त्याने मारल्या. मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण तुरुंगात असतं तसं दिसतंय."

मी राग मानला नाही. सल्लागार कुंपणाशी आले, रेघांकडे बघत राहिले आणि या खेपेला त्यांनी सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कुंपणावरची वेल छाटली, कारण पहिली रेघ पानांआड जात होती. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

निरीक्षकही आला, तपासणी राहिली होती ना. त्याच वेळी बाबा परत येत होते. त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि एकेक रेघ शिवत, ओठ हलवत फाटकापर्यंत आले, आणि आत गेले. निरीक्षक बघत राहिला. मग त्याने स्वतः रेघा मोजल्या. बावन्न भरल्या. पुन्हा मोजल्या तेव्हा त्रेपन्न आल्या. "नंबर बरोबर आहे," तो म्हणाला आणि फाइल बंद केली. एवढ्या खटपटीत सरकारने आमचं म्हणणं पहिल्यांदाच मान्य केलं होतं, पण आनंद करायची माझी तयारी नव्हती.

हल्ली मी बाबांच्या सोबत उघडच चालतो. ते हरकत घेत नाहीत. मी कोण हे त्यांना नक्की ठाऊक नसतं, पण सोबत आवडते. परवा संध्याकाळी असेच आम्ही परतलो. भिंतीशी आल्यावर त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाले, "एक." दुसऱ्या रेघेवर ठेवलं. "एक." तिसऱ्यावरही "एक." प्रत्येक रेघेला तेवढंच. एकही रेघ त्यांनी सोडली नाही, पण आधीच्या रेघा आता पुढच्या रेघेला मिळत नव्हत्या. बेरीज मी मनात करत होतो. त्रेपन्नाव्या रेघेनंतर त्यांचं बोट फाटकाच्या खांबाला लागलं आणि तिथेच थांबलं.

"आलं घर," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"आपलं, बाबा."

त्यांनी फाटकाकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. घर त्यांना पसंत पडलं असावं. मी फाटक उघडलं, पण ते जागचे हलले नाहीत. शाळेत पालकांशी बोलताना त्यांचा जो आवाज असायचा त्या आवाजात मला म्हणाले, "असं परस्पर कोणाच्या घरात शिरू नये. आत वडीलधारं कोणी असेल ना?"

"आहेत. माझे वडील असतात इथे."

"मग त्यांना विचारून या. मी थांबतो."

मी आत गेलो. बैठकीत त्यांची खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बायकोने आतून विचारलं, "बाबा कुठे आहेत?" वडिलांना विचारायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ मी तिथे उभा राहिलो आणि बाहेर आलो.

बाबा तिथेच होते. मी आत असताना त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं आणि हाताने केस नीट केले होते.

"काय म्हणाले?"

"या म्हणाले," मी म्हटलं. "केव्हापासून वाट बघताहेत म्हणाले."

"भला माणूस दिसतोय," बाबा म्हणाले. त्यांनी चपला पायरीखाली एका बाजूला नीट लावून ठेवल्या आणि अंग चोरून आत आले.